पेशी सरकतात, थर राहतात

1938 साली अमेरिकेत ड्वाइट इंगल आणि जॉर्ज हिगिन्स या दोघांनी पांढऱ्या उंदरांवर एक शस्त्रक्रिया करून पाहिली. मूत्रपिंडाच्या माथ्यावर बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथीच्या आवरणाला त्यांनी बारीकशी चीर दिली आणि ग्रंथी हलकेच दाबली. आतला सगळा गर, मधल्या गाभ्यासकट, त्या चिरेतून बाहेर आला. मागे उरले ते रिकामे आवरण आणि त्याच्या आतल्या बाजूला चिकटून राहिलेल्या मोजक्या पेशी. काही आठवड्यांनी पाहावे तर ग्रंथीचा बाहेरचा भाग पुन्हा भरून आला होता. नुसता भरलाच नव्हता, तर त्यातले थर पूर्वीच्याच क्रमाने आपापल्या जागी बसले होते. मधला गाभा मात्र परतला नाही. तो गेला तो गेलाच.

या निकालात एक कोडे आहे. आवरणाला चिकटून राहिलेल्या पेशी होत्या त्या सगळ्यांत बाहेरच्या थरातल्या. आतल्या थरांच्या पेशी तर दाबून काढून टाकल्या होत्या. मग आतले थर आले कुठून? आणि नव्या पेशींना आपण कितव्या थरात आहोत, तिथे कोणते संप्रेरक बनवायचे, हे कळले कसे? या प्रश्नांची बरीचशी उत्तरे गेल्या पंधरा-वीस वर्षांतच हाती आली आहेत. त्यांच्याकडे वळण्याआधी ही ग्रंथी जवळून पाहून घेऊ.

माणसाला या ग्रंथी दोन. उजवी साधारण त्रिकोणी, डावी चंद्रकोरीच्या आकाराची, आणि प्रत्येकीचे वजन जेमतेम चार-पाच ग्रॅम. बार्तोलोमिओ युस्टाकी या इटालियन शरीररचनाशास्त्रज्ञाने सोळाव्या शतकातच त्यांचे वर्णन केले होते, पण पुढची जवळजवळ तीनशे वर्षे त्या करतात काय, हे कोणालाच सांगता येईना. 1855 मध्ये लंडनच्या गाईज हॉस्पिटलमधल्या थॉमस ॲडिसनने काही रुग्णांची हकिगत छापली. ही माणसे दिवसेंदिवस अशक्त होत गेली, त्यांची कातडी काळवंडली, आणि मृत्यूनंतर पाहिले तर त्यांच्या ॲड्रिनल ग्रंथी नासलेल्या होत्या. त्यातल्या बऱ्याच जणांच्या ग्रंथी क्षयाने पोखरल्या होत्या. पुढच्याच वर्षी ब्राउन-सेकार या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने प्राण्यांच्या दोन्ही ग्रंथी काढून दाखवले, की त्यांच्याविना जनावर तगत नाही.

ताजी ग्रंथी आडवी कापली की सुरीखालचा रंग आधी डोळ्यांत भरतो. कडेने ठसठशीत पिवळा पट्टा, त्याच्या आत तपकिरी रेघ, आणि मधोमध करडा, मऊ गाभा. हा गाभा म्हणजे मेड्युला. ॲड्रिनॅलिन तिथे बनते. त्याच्याभोवतीचा पिवळा आणि तपकिरी भाग म्हणजे कॉर्टेक्स, आणि ग्रंथीच्या वजनाचा मोठा वाटा त्याचाच. पिवळेपणा येतो तो पेशींत साठवलेल्या कोलेस्टेरॉलयुक्त मेदामुळे. सूक्ष्मदर्शकाखाली कॉर्टेक्सचे तीन थर दिसतात. आवरणाला लागूनच्या पातळ थरात पेशी लहान लहान गोळ्यांनी बसलेल्या असतात. त्याखाली सगळ्यांत जाड थर: मेदाच्या थेंबांनी भरलेल्या, फिकट, फुगीर पेशींच्या सरळ रांगा, आवरणाकडून गाभ्याकडे गेलेल्या, आणि दोन रांगांमध्ये बारीक रक्तवाहिन्या. सगळ्यांत आत जाळीदार मांडणीच्या, गडद, मेद कमी असलेल्या पेशी. 1866 मध्ये जर्मनीच्या युलिउस आर्नोल्डने या थरांना ग्लोमेरुलोसा, फॅसिक्युलाटा आणि रेटिक्युलारिस ही नावे दिली. त्या काळी संप्रेरक ही कल्पनाच जन्माला आलेली नव्हती. त्याने केवळ आकार पाहून आखलेल्या सीमा पुढे रसायनशास्त्रालाही तशाच्या तशा लागू पडल्या.

बाहेरचा थर अल्डोस्टेरॉन बनवतो. मूत्रपिंडाला सोडियम राखायला आणि पोटॅशियम टाकायला सांगणारे हे संप्रेरक. मधला थर कॉर्टिसॉल बनवतो, म्हणजे उपास, आजार, शस्त्रक्रिया, मानसिक ताण या सगळ्यांत रक्तातली साखर आणि रक्तदाब सावरून धरणारे संप्रेरक. आतला थर डीएचईए आणि त्याचे सल्फेट बनवतो. ही दोन्ही स्वतः दुबळी, पण शरीरात इतरत्र त्यांच्यापासून पुरुषी आणि स्त्री संप्रेरके तयार होतात.

आता प्रमाण पाहा. निरोगी माणसाच्या शरीरात दिवसाला कॉर्टिसॉल दहा ते वीस मिलिग्रॅम तयार होते, अल्डोस्टेरॉन मात्र एक मिलिग्रॅमच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. शंभरपट फरक. मधल्या जाड थराने चुकून आपल्या क्षमतेच्या अगदी थोड्या भागानेही अल्डोस्टेरॉन बनवायला घेतले, तर शरीरात मीठ आणि पाणी साचत जाईल, रक्तदाब चढेल, पोटॅशियम घसरेल. थर वेगळे राहणे म्हणूनच जिवाशी निगडित आहे.

गंमत अशी की तिन्ही थरांचा कच्चा माल एकच, कोलेस्टेरॉल. पहिल्या काही पायऱ्याही त्याच. पुढे वाट कुठे फुटायची ते ठरते कोणत्या पेशीत कोणते एन्झाइम आहे यावर. 17-हायड्रॉक्सिलेज हे एन्झाइम बाहेरच्या थरात नसते, म्हणून तिथे कॉर्टिसॉलची वाटच बंद. मधल्या आणि आतल्या थरांत ते असते. आतल्या थरात त्याच्या जोडीला सायटोक्रोम बी-5 हे मदतनीस प्रथिन भरपूर असते, त्यामुळे तेच एन्झाइम तिथे एक पाऊल पुढे जाऊन डीएचईए बनवते. अल्डोस्टेरॉनची शेवटची पायरी करणारे अल्डोस्टेरॉन सिंथेज फक्त बाहेरच्या थरात, आणि कॉर्टिसॉलची शेवटची पायरी करणारे 11-बीटा-हायड्रॉक्सिलेज मुख्यतः मधल्या. ही शेवटची दोन एन्झाइमे सख्खी भावंडे आहेत. त्यांच्या अमिनो आम्लांची साखळी 93 टक्के सारखी आहे, आणि त्यांची जनुके आठव्या गुणसूत्रावर शेजारी शेजारी आहेत. हे शेजारपण एखाद्या घराण्याला किती महागात पडते ते पुढे येईलच.

ग्रंथी घडते कशी, ते आता गर्भातून पाहू. चौथ्या आठवड्याच्या सुमारास, पोटाच्या पोकळीच्या अस्तरात, होऊ घातलेल्या मूत्रपिंडाजवळ पेशींचा एक जाड पट्टा उमटतो. त्याच पट्ट्यातून पुढे एका बाजूला ॲड्रिनलचे कॉर्टेक्स निघते आणि दुसऱ्या बाजूला अंडाशय किंवा वृषण. दोघांचे मूळ एक, हे जनुकांतही दिसते. एसएफ-1 नावाचे प्रथिन या सगळ्या पेशींना स्टेरॉइड बनवण्याच्या मार्गाला लावते. 1994 मध्ये कीथ पार्कर यांच्या प्रयोगशाळेने या प्रथिनाचे जनुक काढून टाकलेली उंदराची पिल्ले जन्माला घातली, तेव्हा त्यांना ॲड्रिनल ग्रंथी नव्हत्या आणि जननग्रंथीही नव्हत्या. मेड्युलाचे कूळ मात्र वेगळे. त्याच्या पेशी मज्जासंस्थेच्या कडेवरून स्थलांतर करत येतात आणि कॉर्टेक्सच्या पोटात शिरून बसतात. इंगल आणि हिगिन्स यांच्या उंदरांत गाभा परतला नाही याचे कारण हेच: आवरणाखालच्या पेशींच्या कुळात तो नव्हताच. नवव्या आठवड्याच्या आसपास ग्रंथीभोवती आवरण पूर्ण होते. दिसायला हे नुसते पातळ वेष्टन, पण सगळी पुढची गोष्ट त्याच्याभोवती फिरते.

माणसाच्या गर्भात ही ग्रंथी प्रचंड वाढते, काही काळ तर जवळपास मूत्रपिंडाएवढी दिसते. त्यातला बहुतेक भाग असतो तो गर्भापुरताच असलेला एक आतला थर. तो डीएचईए-सल्फेट ओतत राहतो, ते वारेत जाते, आणि वार त्यापासून इस्ट्रोजेन बनवते. आईच्या रक्तातल्या इस्ट्रोजेनचा एक मोठा हिस्सा असा बाळाच्या ग्रंथीतून सुरू झालेला असतो. जन्मानंतर हा थर झपाट्याने विरतो आणि काही आठवड्यांत ग्रंथीचे वजन निम्म्यावर येते. ज्या बाळांचा मेंदू नीट घडलेलाच नसतो आणि म्हणून मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीचा आदेशही पोहोचत नाही, त्यांच्या ॲड्रिनल ग्रंथी जन्मतः अगदी लहान असतात. गर्भातली ही वाढ पिट्युटरीच्या एसीटीएच या संप्रेरकावर चालते, याचा हा निसर्गाने दिलेला पुरावा.

बाहेरचे दोन थर जन्माच्या सुमारास आकाराला येतात. रेटिक्युलारिस मात्र सावकाश येतो. साधारण तीन वर्षांच्या वयात त्याची तुरळक बेटे दिसू लागतात, आणि सहा ते आठ वर्षांच्या दरम्यान ती जोडली जाऊन सलग थर होतो. याच वयात मुलांच्या रक्तातले डीएचईए-सल्फेट वाढायला लागते, घामाला वास येतो, काखेत लव दिसू शकते. वयात येणे अजून दूर असते. हा बदल माणसाखेरीज चिंपँझीत दिसतो, बाकी फार थोड्या प्राण्यांत. उंदराच्या कॉर्टेक्समध्ये 17-हायड्रॉक्सिलेजच नसते, त्यामुळे तो कॉर्टिसॉलऐवजी कॉर्टिकोस्टेरॉनवर निभावतो आणि त्याला माणसासारखा रेटिक्युलारिसही नाही. पुढे उंदरांचे जे प्रयोग सांगणार आहे ते वाचताना हा फरक ध्यानात ठेवायला हवा.

हे थर टिकून कसे राहतात यावर शंभर वर्षांहून जास्त काळ वाद चालला. 1883 मध्ये गॉटशाउ या संशोधकाने म्हटले, की पेशी बाहेरच्या कडेला जन्मतात, आत आत सरकतात आणि मेड्युलाच्या सीमेवर मरतात. वाटेत त्या एकेका थराचे रूप घेतात. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे, की प्रत्येक थर स्वतंत्र आहे, आपल्या पेशी आपणच निर्माण करतो आणि आपापल्या मालकाचे ऐकतो. या दुसऱ्या पक्षाचे बळ वाढवणारा पुरावा 1946 मध्ये हार्वर्डच्या हेलन डीन आणि रॉय ग्रीप यांनी दिला. पिट्युटरी काढून टाकलेल्या उंदरांत फॅसिक्युलाटा आक्रसून गेला, पण ग्लोमेरुलोसा जसाच्या तसा उभा राहिला. म्हणजे दोन थरांचे मालक वेगळे. 1953 मध्ये सिल्विया सिम्पसन, जेम्स टेट आणि त्यांच्या स्विस सहकाऱ्यांनी अल्डोस्टेरॉन शुद्ध स्वरूपात वेगळे केले. लवकरच हे संप्रेरक नेमके आवरणालगतच्या पेशींतूनच येते हेही काचपात्रातल्या प्रयोगांनी दाखवले. एक थर, एक संप्रेरक, एक मालक: चित्र नीटनेटके होते. पण त्यात इंगल-हिगिन्सच्या उंदरांना जागा नव्हती.

खूप वर्षांनी काही जनुकांतरित उंदरांनी एक सूचक चित्र पुढे आणले. त्यांच्या कॉर्टेक्समधल्या काही पेशीच निळ्या रंगत होत्या, आणि त्या इकडेतिकडे विखुरलेल्या नव्हत्या. आवरणापासून गाभ्यापर्यंत सरळ निळे पट्टे दिसत होते. एका पूर्वजाची संतती एका रेषेत आत गेल्याखेरीज असे पट्टे पडत नाहीत.

निर्णायक प्रयोग 2013 चा. बॉस्टन चिल्ड्रन्स हॉस्पिटलमध्ये डेव्हिड ब्रो यांच्या गटाने असे उंदीर तयार केले, की त्यांच्या सगळ्या पेशी लाल चमकतील. पण एखाद्या पेशीने आयुष्यात एकदा जरी अल्डोस्टेरॉन सिंथेजचे जनुक चालू केले, तर ती कायमची हिरवी होईल, आणि तिची पुढची सगळी पिढीही हिरवीच राहील. पेशीला आपली जुनी ओळख लपवता येऊ नये, अशी ही सोय. जन्माच्या सुमारास फक्त बाहेरच्या कडेला हिरवे ठिपके होते. वय वाढले तशा त्या कडेतून आत उतरणाऱ्या हिरव्या रेघा दिसू लागल्या. आणखी काही महिन्यांनी फॅसिक्युलाटाचा मोठा भाग हिरवा झाला होता. या हिरव्या पेशी आता अल्डोस्टेरॉन बनवत नव्हत्या, कॉर्टिकोस्टेरॉन बनवत होत्या. एक काम करणारी पुरती तयार पेशी दुसरे काम करणारी पुरती तयार पेशी झाली होती. गॉटशाउ बरोबर होता, आणि त्याने हे सांगितले तेव्हा त्याच्याजवळ रंगवलेल्या कापांपलीकडे काही नव्हते. या सगळ्या इतिहासात मला सर्वांत जास्त आदर वाटतो तो त्याच्याविषयी.

शाळेत पाचवीचा वर्ग तिथेच राहतो, मुले मात्र दर वर्षी नवी येतात. आणि सहावीत गेलेले मूल तेच असले तरी त्याचा अभ्यासक्रम बदललेला असतो. कॉर्टेक्सचे थर असे आहेत. तेव्हा थर टिकतात कसे, हा प्रश्न आता वेगळा मांडायला हवा: सरकत्या पेशींना नेमक्या त्याच रेषेवर काम बदलायला कोण लावते?

एक दोर बाहेरून ओढला जातो, तो आवरणातून. आवरणाच्या पेशी आरएसपीओ-3 नावाचे प्रथिन सोडतात. ते फार दूर जात नाही. त्याच्या टप्प्यात येणाऱ्या पेशींत डब्ल्यूएनटी हा संदेशमार्ग जोरात चालतो, आत बीटा-कॅटेनिन साठते, आणि पेशी ग्लोमेरुलोसाचे काम करत राहते. दुसरा दोर रक्तातून येतो. पिट्युटरीचा एसीटीएच पेशीच्या पृष्ठभागावर बसला की आत पीकेए हे एन्झाइम जागे होते. ते फॅसिक्युलाटाची जनुके चालू करते आणि त्याच वेळी डब्ल्यूएनटीचा मार्ग दाबते. आवरणापासून दूर गेलेली पेशी पहिल्या दोराच्या पकडीतून सुटते आणि दुसऱ्याच्या ताब्यात जाते. सीमारेषा म्हणजे या दोन ओढींची जिथे बरोबरी होते ती जागा. तिथे भिंत नाही, पडदा नाही, वेगळ्या पेशींची ओळ नाही.

हे नुसते तर्काने सांगितलेले नाही, दोन्ही दोर तोडून आणि ताणून पाहिलेले आहेत. फ्रान्समध्ये नीस इथे आंद्रेआस शेडल यांच्या गटाने आवरणातले आरएसपीओ-3 काढून टाकले, तेव्हा ग्लोमेरुलोसा नाहीसा झाला आणि ग्रंथीची वाढच खुंटली. क्लेरमाँ-फेराँच्या संशोधकांनी उलट टोक धरले. त्यांनी पीकेए कायम चालू ठेवले, तर बाहेरच्या थरातल्या पेशी मुदतीआधीच फॅसिक्युलाटा झाल्या. पुढे तर त्या उंदरांत रेटिक्युलारिससारखा थर उगवला, जो उंदरात एरवी नसतोच. ब्रो यांच्या गटाने बीटा-कॅटेनिन कमी होऊच दिले नाही, तेव्हा पेशी बाहेरच्या थरातच अडकून पडल्या, पुढचे रूप घेईनात, आणि तो थर फुगत गेला. विशेष म्हणजे त्या काही भराभर विभागत नव्हत्या. वर्ग वाढला तो प्रवेश जास्त झाल्याने नव्हे, तर कोणी पुढे सरकेना म्हणून.

ग्लोमेरुलोसाच्या पेशी गोळ्या करून का बसतात, याचाही उलगडा याच संशोधनातून झाला. जन्मानंतरच्या आठवड्यांत या पेशी एका बिंदूभोवती टोके जुळवून बसतात, वरून पाहिले तर पाकळ्या जुळाव्यात तशा, आणि त्या जुळणीलाही बीटा-कॅटेनिन लागते. या मांडणीचा उपयोग दिसायला सुंदर असण्यापुरता नाही. ग्लोमेरुलोसाच्या पेशींचा विद्युतदाब आपोआप हेलकावे घेतो, त्याबरोबर पेशीतले कॅल्शियम चढते-उतरते, आणि एका गोळ्यातल्या पेशी बऱ्याचदा एकाच वेळी चढतात. रक्तातले पोटॅशियम जरासे वाढले किंवा अँजिओटेन्सिन हे संप्रेरक आले, की ही स्पंदने वाढतात आणि अल्डोस्टेरॉन सुटते. आहारातले मीठ कमी केले तर उंदरात हा थर जाड होतो, वाढवले तर पातळ होतो. सीमा जागच्या जागी असते, पण ती दगडावरची रेघ नव्हे.

नर आणि मादी यांच्यातही फरक आहे. 2019 मध्ये शेडल यांच्याच गटाने दाखवले, की मादी उंदरात कॉर्टेक्सच्या पेशी नरापेक्षा तिपटीने वेगात बदलतात, आणि मादीत आवरणातल्या मूळपेशीही या कामाला जुंपलेल्या असतात. नरात पुरुषी संप्रेरके त्यांना थोपवून धरतात. ॲड्रिनलचे बरेच आजार स्त्रियांत जास्त का, या प्रश्नाकडे पाहण्याची एक नवी दिशा यातून मिळाली.

आता माणसाकडे. लहान मुलांत ग्लोमेरुलोसा आवरणाखाली बऱ्यापैकी सलग असतो. वय वाढते तसा तो तुटतो आणि त्याच्या जागी अल्डोस्टेरॉन बनवणाऱ्या पेशींची सुटी बेटे राहतात. हे ध्यानात यायला 2010 उजाडावे लागले, कारण त्या 93 टक्के सारख्या दोन एन्झाइमांना वेगवेगळे ओळखणारी प्रतिपिंडे तोवर हाताशी नव्हती. ती मिळाल्यावर जपानच्या कोशिरो निशिमोतो आणि सहकाऱ्यांनी प्रौढांच्या ग्रंथींचे काप रंगवले आणि ही बेटे स्पष्ट दिसली. पुढे कळले, की यांतल्या अनेक बेटांत पेशीच्या आयन-मार्गांची जनुके बिघडलेली असतात. अशी पेशी वरिष्ठांच्या आदेशाची वाट न पाहता अल्डोस्टेरॉन सोडत राहते. जेरोम कॉन यांनी 1955 मध्ये ॲड्रिनलच्या गाठीमुळे होणारा उच्च रक्तदाब वर्णन केला होता. 2011 मध्ये अशा अनेक गाठींत केसीएनजे-5 या पोटॅशियम-मार्गाचा बिघाड सापडला: पोटॅशियमसाठीचे दार सोडियमलाही आत घेते, पेशीतले कॅल्शियम वाढते, आणि अल्डोस्टेरॉनबरोबर पेशींची वाढही सुरू होते. उच्च रक्तदाबाच्या शंभर रुग्णांपैकी पाच ते दहा जणांत मूळ दोष अल्डोस्टेरॉनचा असतो असे आता मानले जाते, आणि त्यातले बहुसंख्य कधी तपासलेच जात नाहीत. मला ही गोष्ट गंभीर वाटते, कारण नेमके निदान झाले तर या माणसांवर नेमके उपचार आहेत.

थरांच्या सीमेबद्दल सर्वांत जास्त शिकवले ते एका दुर्मीळ आनुवंशिक आजाराने. 1966 मध्ये कॅनडातल्या डॉक्टरांनी एका बापलेकांची हकिगत छापली. दोघांनाही उच्च रक्तदाब, दोघांचेही अल्डोस्टेरॉन वाढलेले. डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड दिल्यावर दोघांचाही रक्तदाब उतरला. स्टेरॉइडने रक्तदाब वाढायचा, हा सगळ्यांचा अनुभव. इथे तो कमी झाला. 1992 मध्ये रिचर्ड लिफ्टन यांच्या गटाने कारण शोधले. त्या दोन शेजारी जनुकांची अदलाबदल चुकून तिरकी झाली होती. कॉर्टिसॉलच्या एन्झाइमचे चालू-बंद करणारे बटण अल्डोस्टेरॉनच्या एन्झाइमला जोडले गेले होते. आता मधल्या जाड थरातली प्रत्येक पेशी एसीटीएचच्या इशाऱ्यावर अल्डोस्टेरॉन बनवू लागली. डेक्सामेथासोनने पिट्युटरी गप्प झाली, एसीटीएच आटले, आणि रक्तदाब खाली आला. अशा घराण्यांत तरुण वयात मेंदूत रक्तस्राव होऊन माणसे दगावतात, म्हणून एकाला निदान झाले की भावंडांना आणि मुलांनाही तपासावे लागते.

उलट बाजूचा आजार आपल्याकडे त्याहून कितीतरी जास्त. कॉर्टिसॉल आणि अल्डोस्टेरॉन या दोन्हींच्या वाटेवरचे 21-हायड्रॉक्सिलेज हे एन्झाइम जन्मतः नसले, की कॉर्टिसॉल बनत नाही, एसीटीएच चढत जातो, कॉर्टेक्स फुगते, आणि अडलेला माल पुरुषी संप्रेरकांकडे वळतो. मुलीचे जननेंद्रिय जन्मतःच मुलासारखे दिसू शकते. मुलगा दिसायला निरोगी असतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात उलट्या, निपचितपणा आणि सोडियमची घसरण घेऊन दवाखान्यात येतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने मुंबईसह पाच शहरांत एक लाखाहून अधिक नवजात बाळांची टाचेच्या रक्तावर तपासणी केली, तेव्हा साधारण 5,762 बाळांमागे एक असे प्रमाण आढळले. अनेक पाश्चात्त्य देशांतल्या आकड्यांच्या मानाने ते बरेच वरचे आहे. एवढे असूनही ही तपासणी आपल्याकडे प्रत्येक बाळाच्या वाट्याला येत नाही.

आणि शेवटी सर्वांत नित्याची गोष्ट. दम्यासाठी, सांधेदुखीसाठी, कातडीच्या आजारासाठी लोक महिनोन्महिने स्टेरॉइड घेतात. काहींना तर आपण स्टेरॉइड घेतो आहोत हेही ठाऊक नसते, कारण ते कोणाकडून तरी मिळालेल्या पुडीत मिसळलेले असते. बाहेरून येणारे स्टेरॉइड पाहून पिट्युटरी एसीटीएच सोडायचे थांबते, आणि मधला थर आक्रसतो, डीन आणि ग्रीप यांच्या उंदरांत आक्रसला होता तसाच. पुडी अचानक बंद केली की तापात, अपघातात किंवा शस्त्रक्रियेत हवे असलेले कॉर्टिसॉल मिळत नाही, आणि माणूस कोसळतो. डॉक्टर मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवतात ती आधी पिट्युटरीला पुन्हा जाग यावी आणि मग बाहेरच्या कडेकडून मधला थर पुन्हा भरावा म्हणून. याला काही आठवडे लागतात, कधी वर्षही.

अशा रुग्णाला चक्कर येते, थकवा येतो, पण शरीरातले मीठ सहसा वाहून जात नाही आणि कातडीही काळी पडत नाही. ग्लोमेरुलोसाला एसीटीएचवाचून चालते, आणि कातडी काळवंडते ती एसीटीएच वाढल्याने. ॲडिसनच्या रुग्णाचे तसे नाही. क्षयाने किंवा स्वतःच्याच प्रतिकारशक्तीने त्याचे तिन्ही थर गेलेले असतात. त्याला खारट खावेसे वाटते, हिरड्या आणि तळहातांच्या रेषा काळ्या पडतात, सोडियम घसरते, पोटॅशियम चढते. पहिल्याला हायड्रोकॉर्टिसोन पुरते. दुसऱ्याच्या चिठ्ठीवर त्याच्या जोडीला फ्लुड्रोकॉर्टिसोनची गोळी लिहावी लागते, बहुधा मिलिग्रॅमच्या दहाव्या हिश्शाची, आणि ती त्याला आयुष्यभर घ्यायची असते.